रेंजवर पाठीमागे उभा असलेला माणूस

'सेवाग्रामच्या जिल्ह्यात राहून बंदुकीवर लेख?' होस्टेलमधल्या मित्रांनी आधी हेच विचारलं. पण मित्रांनो, हा लेख बंदुकीपेक्षा तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाबद्दल आहे.

एन.सी.सी.ची माझी पहिलीच फायरिंग. पोटावर झोपलेलो, हातात पॉईंट टू टू रायफल, २५ मीटरवर टारगेट. दोन गोळ्या गेल्या. तिसऱ्या वेळी ट्रिगर दाबला तर नुसतं 'टक्'! मी आपला कोपरावर उठलो आणि मागे वळून म्हणालो, 'सर, चालत नाहीये!' माझ्याबरोबर नळीही वळली. शेजारी चार पोरं झोपलेली होती.

मागचे उस्ताद ओरडले नाहीत. झटकन वाकून त्यांनी हाताने नळी परत टारगेटकडे केली आणि हळूच म्हणाले, 'पहले सामने देख, फिर बोल.'

न उडालेली गोळी उशिरानेही उडू शकते. म्हणून नळी समोरच ठेवायची, बोट ट्रिगरवरून काढायचं, निदान ३० सेकंद थांबायचं आणि हात वर करायचा. हे सगळं आधी सांगितलेलं होतं. पण पोटात गोळा आला की सांगितलेलं आठवत नाही. त्या क्षणी कुणी खेकसलं असतं, तर मी दचकलो असतो, आणि माझं बोट अजून ट्रिगरवरच होतं.

दारूगोळ्याशी चूक म्हणजे काय, हे वर्धेकरांना सांगावं लागत नाही. पुलगावच्या डेपोची मे २०१६ ची आग आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये सोनेगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना झालेला स्फोट आपल्या लोकांचे जीव घेऊन गेले.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. रेंजवर मदतीला सिनिअर कॅडेट निवडताना ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याचा नेम चांगला, तोच निवडायची आपली सवय चुकीची आहे. तिथे धीराचा माणूस हवा. त्याची नजर टारगेटवर नको, पोरांच्या हातांवर हवी. त्याने मागून नावाने हाक मारू नये, कारण हाक आली की माणूस वळतो. शेजारी बसून, कानाजवळ बोलावं. 'खाली कर' झाल्यावर प्रत्येक रायफलचा चेंबर स्वतः बघावा. तोवर टारगेटकडे एकानेही पाऊल टाकता कामा नये, साहेबांनीसुद्धा! शेवटी रिकामी काडतुसं मोजून घ्यावीत.

अजून एक. धोका दिसला तर 'रुक जा' म्हणायचा हक्क अगदी नव्या पोरालाही असतो. तो चुकून ओरडला तर आपण हसतो. हसू नका. आज हसलात, तर उद्या खरंच गरज असताना तो गप्प बसेल. वर्कशॉपमध्ये लेथ बंद करायला घाबरणाऱ्या ज्युनिअरचंही तेच.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये ब्रॉंझ जिंकलं, तेव्हा आपल्या टीव्ही रूममध्ये कोण आरडाओरडा झाला! त्या रेंजवर ऑफिसर कोण होता, हे कुणालाच माहीत नाही. त्याचं काम चोख झालं, म्हणूनच माहीत नाही.

माझ्या उस्तादांचं नावही त्या दिवशी मी विचारलं नाही. नळीवरचा त्यांचा हात मात्र अजून आठवतो. पुढच्या कॅम्पला मी मागे उभा राहणार आहे. तेवढं जमलं तरी पुष्कळ.