हातातला की टीव्हीवरचा?

मार्चअखेरीस आम्ही दोघं पुण्याला परततोय. सध्या इथे न्यू जर्सीत लेकीच्या घरी बॅगा भरणं चालू आहे, आणि लोणची-मसाल्यांऐवजी (ते येतानाच आणले होते, जाताना कसले!) एका वेगळ्याच विषयावर घरात दोन तट पडलेत. टेट्रिस कुठला न्यायचा?

हसू नका मंडळी. सांगते.

जावयांनी जुन्या वस्तूंच्या बाजारातून दोन यंत्रं जमवली आहेत, दोन्ही निन्टेन्डो या जपानी कंपनीची. एक हातात धरायचा गेम बॉय, १९८९ सालचा. दुसरं टीव्हीला जोडायचं करड्या रंगाचं खोकं. दोन्हींवर टेट्रिस आहे. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून, सरकवून आडव्या ओळी भरायच्या, भरली की ओळ नाहीशी. हा खेळ अलेक्सी पाजित्नोव या गृहस्थांनी १९८४ मध्ये मॉस्कोत सरकारी संगणक केंद्रात नोकरी करताना रचला, तोही चित्रं दाखवता न येणाऱ्या संगणकावर. ठोकळे म्हणून चौकटी कंस वापरले होते! गणिताचा तास संपल्यावर फळ्यावर उरलेल्या कंसांनी कुणी खेळावं तसं.

नातवाचं मत गेम बॉयच्या बाजूचं. तो पंधरा वर्षांचा आहे आणि वकिलाच्या वर बोलतो. "आजी, हा पर्समध्ये राहतो, पेन्सिल सेलवर चालतो, विमानातसुद्धा खेळता येईल." शिवाय अमेरिकेत हा खेळ गेम बॉयबरोबरच मिळायचा, त्यामुळे जगभर पोचला तो यामुळेच. १९९३ मध्ये एक रशियन अंतराळवीर गेम बॉय आणि टेट्रिस घेऊन 'मीर' स्थानकावर गेला होता, हेही त्याने मला ऐकवलं. संगीतही गेम बॉयचं सरस, हे मीही मान्य करते. फेरीवाल्यांवरची रशियन लोकगीताची चाल आहे ती, एकदा कानात शिरली की पोळ्या लाटतानाही जात नाही. टीव्हीवरच्यात चायकोव्हस्कीची एक नाजूक रचना आहे, ती जरा सणासुदीला ठेवणीतलं नेसून आल्यासारखी वाटते.

आणि गेम बॉयवर दोघांना खेळता येतं. दोन यंत्रं वायरने जोडायची, आपण एकदम दोन-तीन ओळी उडवल्या की समोरच्याची जमीन खालून वर चढते. टीव्हीवरच्या निन्टेन्डोच्या आवृत्तीत मात्र दोघांच्या खेळाची सोयच नाही. म्हणजे कागदावर पाहिलं तर नातू जिंकला.

पण मला कागदावर खेळायचं नाहीये.

आमच्या ह्यांना २०२२ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात वाचला, डावा कामचुकार झाला, आणि बोलणं अडखळतं. बावीस वर्षं बँकेत कॅशियर असलेला माणूस, नोटा मोजताना बोटं दिसायची नाहीत अशी. तो आता पेला धरताना बोटांकडे बघतो. इथे आल्यावर नातवाने मोठ्या प्रेमाने गेम बॉय ह्यांच्या हातात दिला. तो धरायला दोन्ही हात लागतात, डाव्या अंगठ्याने सरकवायचं, उजव्याने फिरवायचं. सेल घातल्यावर वजनही बरंच होतं. टेबलावर ठेवून खेळावं तर पडद्याला स्वतःचा उजेड नाही. खिडकीकडे तोंड करून, बरोबर तिरका धरला तरच ते हिरवट करडे ठोकळे दिसतात. म्हणजे हात हलला की चित्र हललं. दोन मिनिटांत ह्यांनी तो खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत बसले. तसं बघत बसणं मी तीन वर्षं पाहते आहे.

चार दिवसांनी जावयांनी तळघरातला जाडा टीव्ही हॉलमध्ये आणला. त्या खोक्याचा रिमोट (नातू दर वेळी सांगतो, "आजी, रिमोट नाही, कंट्रोलर!") चपटा, चौकोनी आणि हलका. टेबलावर ठेवला तर पाटीसारखा बसतो. मी ह्यांच्या उजव्या बाजूला बसले. ह्यांच्या चांगल्या हाताकडे दिशांची फुली, माझ्याकडे फिरवायची दोन बटणं. ठोकळा सरकवायचा ह्यांनी, फिरवायचा मी. पडदा भला मोठा, रंगीत, दोघांनाही दिसणारा. डोळे टीव्हीवर, हात टेबलावर, एकमेकांशी बांधलेले नाहीत. गेम बॉयवर हे होऊच शकत नाही, त्यात दोन डोकी घालायला जागाच नाही.

पहिल्या दिवशी आम्ही चार ओळी भरल्या. भांडण चाळीस ओळींचं झालं. "फिरव." "फिरवला की!" "उलटा." त्या दिवशी हे जेवढं बोलले तेवढं आदल्या महिन्यात बोलले नव्हते. मी डॉक्टर नाही, हा उपचार आहे असं मुळीच म्हणत नाही. पण ज्या यंत्रात दोघांच्या खेळाची सोय नाही त्यावरच आम्ही दोघं खेळतोय. आणि ज्यात सोय आहे त्यात समोरच्याची जमीन वर ढकलायची. संसारात ते पुष्कळ केलं आहे, आणखी नको.

आणखीही गोष्टी मला आवडतात. टीव्हीवर खेळायची विहीर वीस घरं उंच आहे, गेम बॉयची अठराच. दोन घरं म्हणजे काही फार नाही, पण म्हाताऱ्यांना विचार करायला तेवढाच वेळ मिळतो. डाव्या बाजूला कुठला ठोकळा किती वेळा आला याची आकडेवारी दिसते. आयुष्यभर हजेरीपट लिहिलेल्या बाईला ते बघून किती बरं वाटत असेल! उभी काठी गैरहजर राहण्यात पटाईत आहे हे मी पुराव्यानिशी सांगू शकते.

तरुण मंडळी याच आवृत्तीवर स्पर्धा खेळतात. एकोणतिसाव्या पायरीला ठोकळा सेकंदाला सुमारे साठ घरं पडतो, म्हणजे वरून खाली यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा. तिथे खेळ संपतोच असं वर्षानुवर्षं मानत होते. डिसेंबर २०२३ मध्ये विलिस गिब्सन या तेरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने १५७ वी पायरी गाठली आणि यंत्रच गोठलं. त्यावर एका ब्रिटिश वाहिनीवरच्या निवेदिकेने सुनावलं, की पोरा, बाहेर जा, मोकळी हवा घे. वाचून मी मान डोलावणार होते, पण मला १९९५ च्या सुमाराचा नववीचा वर्ग आठवला. एका मुलाचा तो चिनी ब्रिक गेम मी काढून घेऊन वर्षअखेरपर्यंत कपाटात ठेवला होता. त्यातही हाच खेळ होता, हे मला आता कळतंय. तो मुलगा वर्गात कुणाशी बोलायचा नाही, हे मात्र तेव्हाही माहीत होतं.

असो. विषय बॅगेचा होता. टीव्हीवरच्याच्या अडचणी मला ठाऊक आहेत. इथली वीज ११० च्या आसपास, आपली २३०, त्यामुळे वेगळा ट्रान्सफॉर्मर लागणार. पुण्याच्या चपट्या टीव्हीवर बटण दाबल्यापासून ठोकळा हलेपर्यंत किंचित उशीर होतो म्हणे, म्हणून दर्दी लोक जाडे टीव्ही जपून ठेवतात. आमचे हात त्याहून उशिरा पोचतात, तेव्हा ती काळजी नको. मी दोन स्वेटर आणि लेकीने घेतलेला चहाचा सेट काढून ठेवलाय. खोकं माझ्या साड्यांच्या मधे बसतंय, ट्रान्सफॉर्मर लक्ष्मी रोडला मिळेल.

नातू अजून रागात आहे. गेम बॉयही पर्समध्ये टाकणार आहे म्हणतोय, विमानासाठी. टाकू दे. विमानात हे झोपले की मी खेळीन.

आता उठते. हॉलमधून दोनदा हाक आली, आणि दुसऱ्या वेळी पूर्ण वाक्य होतं.