सांधे दिसू द्यावेत

छंद या शब्दाला आपल्या वाङ्मयीन व्यवहारात फारशी प्रतिष्ठा नाही. एखाद्या कवीला 'हौशी' म्हटले की त्यात त्याची बोळवण असते. मग घरातल्या फळकुटावर रेल्वेचे छोटे जग उभारणारा प्रौढ माणूस तर खेळण्यात रमलेला म्हणूनच पाहिला जातो. या समजाचा प्रतिवाद करण्याचा या टिपणाचा हेतू आहे. मात्र तो छंदाची तरफदारी म्हणून नव्हे. मुळापासून घडवलेली रेल्वेची प्रतिकृती ही एक प्रकारची संहिता असते आणि म्हणूनच तिच्या कर्त्यावर एक जबाबदारी येऊन पडते, असे मला म्हणायचे आहे. कृती चारचौघांना दाखवली म्हणजे ही जबाबदारी संपत नाही. ती कशी घडली, कोठे तडजोड केली आणि काय गाळले, हे सांगणे हाच त्या जबाबदारीचा गाभा आहे.

'मुळापासून' हा शब्द येथे महत्त्वाचा. बाजारात तयार इंजिने मिळतात, सुटे भाग जोडून उभे करायचे संच मिळतात. पण एखाद्याला जे स्थानक, जो डबा, जो पूल हवा असतो तो कोणत्याही कारखान्याने काढलेला नसतो. अशा वेळी पुठ्ठा, लाकडाच्या पट्ट्या, पितळी पत्रा, तार, कानस, गुण्या आणि झाळकामाची सामग्री घेऊन बसण्यावाचून गत्यंतर नसते. भारतीय रेल्वे लघुरूपात आणू पाहणाऱ्याच्या वाट्याला ही वेळ वारंवार येते, आणि तिचा आरंभ अंकगणितापासून होतो.

जगभर सर्वाधिक प्रचलित असलेल्या १:८७ या प्रमाणात तयार रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गाचे ते अचूक लघुरूप आहे. आपली ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरची. सत्त्याऐंशीने भागल्यावर तिचे अंतर सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे बाजारातले रूळ वापरले तर आपली धिप्पाड गाडी अरुंद पायांवर उभी राहते. पाय नेमके करायचे तर रूळही स्वतःच घडवावे लागतात. ब्रिटिश छांदिष्टांनाही हा पेच चुकलेला नाही. त्यांच्याकडे गाडी १:७६ची आणि रूळ मात्र तेच १६.५ मिलिमीटरचे, ही विसंगती पिढ्यान् पिढ्या चालत आली. ज्यांना ती सोसवेना त्यांनी १८.८३ मिलिमीटरचा मार्ग पत्करला आणि जन्मभराचे कष्ट ओढवून घेतले. भाषांतर करणाऱ्याला हा पेच ओळखीचा वाटेल. वाक्यरचना मूळ भाषेशी निष्ठावंत ठेवावी की वाचकाच्या भाषेच्या रुळांवर चालवावी, हाच तो प्रश्न.

दुसरा प्रश्न निवडीचा. चोवीस डब्यांची गाडी १:८७ या प्रमाणात सहा मीटरांच्या घरात जाते. एक किलोमीटर अंतराला साडेअकरा मीटर लागतात. दोन गावांमधले चौतीस किलोमीटर जसेच्या तसे मांडायचे तर जवळपास चारशे मीटर लांबीची खोली हवी. त्यामुळे चोवीसांऐवजी पाच डबे, दहा घरांऐवजी तीन, सरळ मार्गाऐवजी वळण असे करत जावे लागते. गाड्या वेळापत्रकाप्रमाणे चालवणारे तर घड्याळही वेगाने फिरवतात; खऱ्या काही मिनिटांत त्यांचा तास उलटतो. कथाकाल आणि निवेदनकाल यांतला भेद वर्गात शिकवताना मला याहून चांगले उदाहरण अद्याप सापडलेले नाही. रंगभूमीचा अनुभव असलेल्या फ्रँक एलिसन या अमेरिकन छांदिष्टाने चाळीसच्या दशकातच आपल्या लेखांतून रेल्वेच्या मांडणीला रंगमंच, गाड्यांना नट आणि वेळापत्रकाला नाट्यसंहिता मानले होते, ते काही उगीच नव्हे.

लघुरूपाचे आकर्षण कशात असते, याचा विचार लेव्ही-स्त्रॉस यांनी आपल्या १९६२ सालच्या ग्रंथात केला आहे. मोठी वस्तू आपण तुकड्यातुकड्यांनी जाणत जातो; लहान प्रतिकृतीत मात्र संपूर्णाचे आकलन आधी होते आणि भागांचे नंतर, असे त्यांचे प्रतिपादन. हे खरेच आहे, परंतु माझ्या मते त्यातच धोकाही दडलेला आहे. संपूर्ण एका नजरेत मावले की ते संपूर्णच आहे अशी खात्री पटते. गाळलेल्या सात घरांची आठवण प्रेक्षकाला होत नाही. कादंबरीचा वाचक निदान साशंक असू शकतो. फळीवरचे गाव पाहणारा भारावून जातो.

या धोक्याला सामोरे जाण्याचे दोन मार्ग इंग्लंडमधल्या दोन माणसांनी दाखवले आहेत. जॉन अहर्न यांनी तिसाच्या दशकात 'मॅडर व्हॅली रेल्वे' बांधायला घेतली. ही दरी, तिच्यातले मॅडरपोर्ट हे बंदर, सारेच काल्पनिक. पण घरे, गल्ल्या आणि झाडे यांना इंजिनाच्या बरोबरीचे स्थान त्यांनी दिले आणि इमारती कशा घडवाव्यात हे लेखांतून, पुस्तकातून उलगडून सांगितले. रॉय इंग्लंड हा दुसरा माणूस. तो १९२५ साली ऑस्ट्रेलियातून आला आणि व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातली गवताने शाकारलेली जुनी घरे डोळ्यांदेखत नाहीशी होताना पाहून अस्वस्थ झाला. त्याने ती मोजली, त्यांची छायाचित्रे घेतली आणि १:७६ या प्रमाणात ती पुठ्ठ्यात उभी करायला आरंभ केला. १९५४ साली सुरू झालेले लाँग विटनमचे पेंडन संग्रहालय हे त्या अस्वस्थतेचे फळ. अहर्न यांची रेल्वेही आज तेथेच आहे. एकाचा मार्ग कल्पिताचा, दुसऱ्याचा दस्तऐवजाचा. दोघांनीही आपली रीत झाकून ठेवली नाही, हे त्यांच्यातले साम्य मला अधिक मोलाचे वाटते.

रीत झाकून न ठेवण्याचे मोल किती, हे जॉन ॲलन यांच्या उदाहरणावरून समजते. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे येथे या छायाचित्रकाराने आपल्या घराच्या तळघरात जमिनीपासून छतापर्यंत पोहोचणारे डोंगर उभारून त्यांतून रेल्वे नेली होती. जानेवारी १९७३मध्ये त्यांचे निधन झाले आणि दहा-एक दिवसांतच लागलेल्या आगीत तिचा बहुतांश भाग जळून गेला. उरली ती त्यांची छायाचित्रे आणि लेख. शिवाय १९७२ साली प्रसिद्ध झालेला शंटिंगच्या एका कोड्याचा आराखडा: मोजके सांधे, थोडे डबे आणि कमीत कमी हालचालींत ते योग्य जागी पोहोचवण्याचे आव्हान. पन्नास वर्षे उलटली तरी लोक तो आराखडा आपापल्या फळीवर मांडून खेळतात. वस्तू गेली, पण जे वाटून टाकले होते ते राहिले. हस्तलिखित जळाले तरी ज्याच्या नकला गावोगाव गेल्या तो ग्रंथ वाचतो, हे आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाला नवे नाही.

आता आपल्या अंगणाकडे वळतो. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने कुर्डुवाडीहून बार्शीकडे अडीच फुटी मार्ग काढला, तो १८९७ साली सुरू झाला. पुढे तो १९०६पर्यंत पंढरपूरला, १९११पर्यंत लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचला. १९५४ साली सरकारने तो ताब्यात घेतला. आषाढी-कार्तिकीच्या किती पिढ्या या गाडीने वाहिल्या! बार्शीच्या अनुभवावर याच कॅल्थ्रॉपने इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाचा तेवढ्याच रुंदीचा एक छोटा मार्ग उभारला. १९०४ साली तो सुरू झाला आणि १९३४ साली बंद पडला. अवघी तीस वर्षे, दोन इंजिने, मूठभर डबे. तरीही तिकडच्या छांदिष्टांनी त्याची मापे, नकाशे, रंग टिपून ठेवले आणि त्याच्या प्रतिकृती घडत राहिल्या. शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेला आपला मार्ग २००० नंतर टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. रुंदीकरण आवश्यकच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या स्थानकाच्या खिडकीची उंची, फलाटाचा उतार, पाण्याच्या टाकीचा घेर हे आपल्यापैकी कितीजणांनी मोजून ठेवले?

योगायोग असा की ब्रॉडगेजला जो पेच पडतो तो नॅरोगेजला पडत नाही. ७६२ मिलिमीटरला सत्त्याऐंशीने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. या सोयीला भुलून मीही काही वर्षांपूर्वी त्या मार्गावरचे एक लहानसे स्थानक पुठ्ठ्यात करायला घेतले. हाताशी जुनी छायाचित्रे होती. दारात उभ्या असलेल्या माणसाच्या उंचीवरून दाराचे आणि दारावरून भिंतीचे माप काढले. काम मनासारखे झाले असे वाटत होते. मग त्या मार्गावर नोकरी केलेल्या एका निवृत्त सांधेवाल्यांना ते दाखवण्याचा योग आला. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. कौलांचे, भिंतीवरच्या ओलीच्या डागांचे त्यांनी कौतुक केले नाही. सांध्याच्या खटक्याकडे बोट करून एवढेच म्हणाले, "सर, ह्यो खटका वडायला मानूस उभा कुठं ऱ्हानार?"

खटका मी रुळांना खेटून बसवला होता. छायाचित्रात तो तसाच दिसत होता, कारण छायाचित्र समोरून घेतलेले होते. समीक्षेचे इतके नेमके वाक्य माझ्या वाट्याला क्वचितच आले असेल. चूक काही मिलिमीटरांची होती, पण ते मिलिमीटर म्हणजे एका माणसाची उभे राहण्याची जागा होती. मी स्थानक केले होते. त्यात काम करणारा माणूस धरलाच नव्हता.

लघुरूपांवर स्मरणरंजनाचा जो आक्षेप घेतला जातो, तो याच ठिकाणी रास्त ठरतो. आपण घडवतो ती स्थानके नेहमी शांत, उन्हात न्हालेली आणि नीटनेटकी असतात. रुळांवर घण घालणारी गँग, मालडब्यातून पोती उतरवणारे हमाल, वारीची रेटारेटी यांना तेथे जागा नसते. ग्रामीण जीवनाच्या गोड चित्रणावर आपण वर्गात जी टीका करतो, तीच येथे लागू पडते. मात्र या टीकेचा निष्कर्ष 'हा छंदच सोडावा' असा निघत नाही. खटक्याची ती चूक मला प्रतिकृती घडवल्यामुळे आणि दाखवल्यामुळे कळली. नुसत्या आठवणींचा लेख लिहिला असता तर खटका कोठे आहे हा प्रश्नच उद्भवला नसता. शब्दांत 'स्थानकावरचा खटका' एवढे म्हणून पुढे जाता येते. पुठ्ठा तेवढी सवलत देत नाही. मुळापासून घडवणे ही वाचनाची अतिशय सावकाश आणि म्हणूनच कठोर अशी पद्धत आहे.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८पासून आहे. तेथे मुलांचे चमकणारे डोळे पाहिले की पाहण्याच्या आनंदाविषयी शंका उरत नाही. माझा आग्रह त्यापुढच्या पायरीचा आहे. ज्याने काही घडवले त्याने कृतीसोबत आपली वही ठेवावी. कोणते माप प्रत्यक्ष घेतले, कोणते अंदाजाने ठरवले, कोणती घरे गाळली, कोणत्या माणसाला विचारले आणि त्याने कोणती चूक दाखवली, हे सारे तीत असावे. भाषा-साहित्याच्या विभागांनीही हे काम परके मानू नये. विद्यार्थ्यांना एखादी जवळची वास्तू मोजायला, तिच्याशी संबंधित माणसांना बोलते करायला आणि मग ती पुठ्ठ्यात उभी करायला सांगितले, तर वास्तववादावरच्या चार व्याख्यानांचे काम होईल.

घाईही आहे. नॅरोगेजवर उमेदीची वर्षे घालवलेली माणसे आता थकली आहेत आणि खटका ओढणारा कोठे उभा राहत असे हे ठाऊक असलेल्यांची संख्या दरवर्षी घटते आहे. प्रदर्शनात मांडणीचे सांधे शेवाळाखाली, झुडपांआड लपवण्याची रीत आहे आणि पाहणाऱ्याच्या सुखासाठी ती ठीकच म्हणावी लागेल. पण आपल्यानंतर हे काम कोणी पुढे न्यावे असे वाटत असेल, तर निदान वहीत तरी ते सांधे दिसू द्यावेत. माझ्या स्थानकातला खटका मी उपटून थोडा लांब बसवला आहे. आधीच्या जागेचे छिद्र मात्र बुजवलेले नाही.