उंच गाडी

आमच्या चिरंजीवांनीं आपली ‘फोर-व्हील’ गाडी दोन इंच उंच करविली. शॉकअब्सॉर्बर मात्र जुनेच ठेविले. चाक खड्ड्यांत उतरलें कीं आंखूड शॉक पुरता ताणला जाई आणि सर्वांस हिसका बसे. गाडीच्या उंचीच्या मानानें शॉकची लांबीही वाढवावी लागते, हें त्यांस मागाहून उमगलें.

टायरचेंही तसेंच. 245/75 आर 16 च्या जागीं 265/75 आर 16 घातल्यास व्यास सुमारें 30 मिलिमीटर वाढतो. कांटा 80 दाखवितो तेव्हां खरा वेग 83 असतो. चिखलासाठीं केलेला खोल नक्षीचा टायर ओल्या डांबरी रस्त्यावर सहसा कमी धरतो. घरच्या गाडीस मध्यम नक्षीचाच बरा. शिवाय उंच गाडीस वळणावर कलंडण्याचें भय अधिक. वाचकहो, मागच्या बाकावर आपलीं नातवंडें असतात. उंची वाढविली तर वेग उतरवावा.