कानात की हॉलमध्ये?

मागच्या शनिवारी बाबा पंचवीस मिनिटं दाराबाहेर उभे होते. किल्ली विसरलेले, हातात भाजीची पिशवी. बेल वाजवून वाजवून दमले. आणि मी? आतल्या खोलीत हेडफोन लावून ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये शत्रूच्या पावलांचा कानोसा घेत होते!

आता खरं सांगायचं तर हेडफोनला तोड नाही, बॉस. डावा आवाज डाव्या कानात, उजवा उजव्या. स्पीकरवर दोन्हीकडचे आवाज दोन्ही कानांत शिरतात, वर भिंतींचे पडसाद. मग पावलं नेमकी कुठून आली, कळणार कसं? ‘हेलब्लेड’ (२०१७) या गेममध्ये तर नायिकेच्या डोक्यातले आवाज आपल्या डोक्यात घुमावेत, म्हणून ते खास बायनॉरल पद्धतीने रेकॉर्ड केलेत. हेडफोनशिवाय त्याची मजा निम्मी!

पण कान काही एक्स्चेंज ऑफरमध्ये बदलून मिळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास! गोळीबाराच्या भरात आपण व्हॉल्यूम कुठे नेऊन ठेवतो, जरा आठवून बघा.

तेव्हा आमच्या घरी तह झालाय. रात्री दहानंतर हेडफोन, तोही बेतानेच. त्याआधी हॉलमध्ये स्पीकर. परवा बाबा पेपर घेऊन शेजारीच बसले होते. मधेच म्हणाले, “अगं, डावीकडून कुणीतरी येतंय!”

खरंच येत होतं.