लवळ्याची विद्यापीठे आणि आमची मुले

मुळशी तालुक्यात लवळ्याच्या टेकड्यांवर आज सिंबायोसिस व फ्लेम ही दोन विद्यापीठे दिमाखाने उभी आहेत. खाली भात लावणाऱ्याच्या मुलास तेथील फी ऐकूनच घाम फुटतो. सरकारने २०२४ साली वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मराठा, इतर मागास व दुर्बल घरांतील मुलींना धंदेशिक्षणाची फी माफ केली, हे योग्यच झाले. पण खाजगी विद्यापीठे व खाजगी अभिमत विद्यापीठे त्यातून वगळली. शिवाय फी माफ झाली म्हणून खानावळवाला फुकट जेवू घालीत नाही की खोलीवाला भाडे सोडीत नाही. आमच्या मुलांचे घोडे बहुधा येथेच अडते.

मग शेटजींच्या देणग्या घ्याव्यात काय, असे कित्येक मानी गृहस्थ विचारतात. मुळशीकराने हे विचारावे यात नवल नाही. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध येथील मावळ्यांनी सत्याग्रह केला. तरी गावे बुडालीच, आणि आमच्या पाण्यावर भिऱ्यास वीज निघू लागली. पण जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशातील उच्च शिक्षणासाठी काढलेला निधी भीक घालीत नाही. तो कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. ज्यांच्या पणज्याची जमीन पाण्याखाली गेली, त्यांनी तर तेथे ताठ मानेने अर्ज करावा!

मात्र त्या दारी सर्वांस जागा मिळणार नाही. साताऱ्यास भाऊराव पाटलांचे बोर्डिंग कोणी जगविले? लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडले आणि खेड्यांतल्या गरिबांनी धान्य घातले. आमच्याकडे हिंजवडीच्या बाजूस जमिनीला सोन्याचा भाव आला. त्या पैशाचे मांडव झाले, मोटारी झाल्या. शिकणाऱ्या पोरांसाठी किती निघाले, ते ज्याने त्याने आपल्या मनाशी मोजावे.

जत्रेची वर्गणी गोळा होते तेव्हाच दर घरामागे विद्यार्थ्यांची वर्गणी घ्यावी. ज्याच्याकडे रोकड नाही त्याने पायलीभर आंबेमोहोर द्यावा. सरकारी शिष्यवृत्ती पुष्कळदा वर्ष सरता सरता हाती पडते. गावची रक्कम मुलाला प्रवेशाआधी मिळाली पाहिजे. कुंभार, न्हावी, महार, कातकरी यांच्या मुलांना व सर्व मुलींना त्यात पहिला मान असावा, आणि हिशेब देवळापुढे मोठ्याने वाचावा. नाहीतर पुढाऱ्यांच्या खिशाला भोक नसते! यंदाच्या जत्रेच्या बैठकीत हा विषय कोणते गाव काढते, इकडे आमचे लक्ष आहे.