कलामांचा फोटो भिंतीवर, अर्ज मात्र कोरा

ईदला रनाळ्याला गेलो होतो. बारावी सायन्सला असलेल्या भाच्याच्या खोलीत डॉ. कलामांचा फोटो. "मामू, मला लढाऊ विमानांवर काम करायचंय," म्हणाला. मग आवाज खाली करून विचारलं, "पण आपल्याला घेतात का?"

इंजिनीअरिंगला असताना मीही स्वतःला हेच विचारलं होतं. उत्तर न शोधताच सॉफ्टवेअर कंपनीत गेलो. डीआरडीओने मला कधी नाकारलं नाही. मी अर्जच केला नव्हता.

कलामांची गोष्ट आपण अर्धीच सांगतो. त्यांना वैमानिक व्हायचं होतं. हवाई दलाच्या निवडीत जागा आठ, ते नववे आले. मग १९५८ साली ते संरक्षण खात्याच्या तांत्रिक विभागात रुजू झाले. एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ यांचं नाव तर आपल्या पोरांना माहीतच नाही. १९४७ला पाकिस्तानचा पर्याय समोर असताना ते इथेच राहिले, १९७८ला हवाई दलप्रमुख झाले आणि १९८२ ते ८५ महाराष्ट्राचे राज्यपाल होते.

आता रस्ता. डीआरडीओत 'सायंटिस्ट बी' व्हायला इंजिनीअरिंगची पदवी, गेटचा स्कोअर आणि मुलाखत लागते. डिप्लोमा आणि आयटीआयवाल्यांसाठी सेप्टॅमची वेगळी परीक्षा असते. प्रयोगशाळा काही दिल्लीतच नाहीत. पुण्यात पाषाणला आणि दिघीला आहेत, अहिल्यानगरलाही आहे. नाशिकजवळ ओझरला एचएएल सुखोई बनवत आली, आता तेजसही बनतं.

आणि विमान बनवणं एवढंच काम नाही. हवाई दलाला ४२ स्क्वाड्रन मंजूर आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर २९ उरल्या. ही तूट कशी भरायची, ड्रोन किती भार उचलतील, इंजिन बाहेरून येईना तर काय, याचा हिशेब मांडणारेही लागतात. दिल्लीत २००१ साली 'सेंटर फॉर एअर पॉवर स्टडीज' या नावाने सुरू झालेली संस्था हाच अभ्यास करते. इथे गणिताइतकाच इतिहास कामाला येतो.

तिथे आपली मुलं कमी दिसतात, हे मी नाकारत नाही. भेदभाव कुठेच नसतो असंही म्हणणार नाही. पण अर्जच गेले नाहीत तर नेमकं कुठे अडलं, हे विचारायचं कशाच्या जोरावर? पोलीस पडताळणीची भीती घरोघरी ऐकतो. ती निवड झालेल्या प्रत्येकाची होते, फक्त आपली नाही.

दुसरा प्रश्न भाच्याच्या अम्मीने विचारला: गाझात विमानांनी काय केलं ते बघून हे काम करायचं? तिला माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं. एवढंच म्हणालो, आपा, बॉम्ब कुठे पडू नये हे ठरवणाऱ्या टेबलावरही कुणीतरी बसलेलं असावं लागतं. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

भाच्याचा परवा मेसेज आला: कॉम्प्युटर घेऊ की इलेक्ट्रॉनिक्स? डीआरडीओत दोन्हींच्या जागा निघतात, असं कळवलंय. आधी बारावीचं गणित काढ म्हटलं, त्यात गडी कच्चा आहे.