विश्लेषण : हॉकी इंडियाला जाब विचारणार कोण?

टोकियो आणि पॅरिस अशा सलग दोन ऑलिम्पिकमध्ये भारतीय पुरुष हॉकी संघाने कांस्यपदक जिंकले. त्याच पॅरिससाठी महिला संघ मात्र पात्रही ठरू शकला नाही. दोन्ही संघांची सूत्रे एकाच संघटनेच्या हाती आहेत, ती म्हणजे हॉकी इंडिया. या संघटनेत मत कुणाला, पैसा कुणाचा आणि उत्तरदायित्व कुणाशी, याचा हा आढावा.

हॉकी इंडियाची स्थापना का झाली?

भारतीय हॉकी महासंघ १९२५ मध्ये ग्वाल्हेर येथे स्थापन झाला. तीनच वर्षांत ॲमस्टरडॅममध्ये भारताने पहिले ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले आणि १९८० पर्यंत ही संख्या आठवर गेली. पुढे मैदानावरील घसरणीला कारभाराच्या घसरणीची जोड मिळाली. १९९८ मध्ये बँकॉक एशियाडचे सुवर्ण ३२ वर्षांनी परत आले, पण त्यानंतर कर्णधार धनराज पिल्ले यांच्यासह काही प्रमुख खेळाडूंना संघाबाहेर बसवण्यात आले. महासंघाने त्याला विश्रांती म्हटले. भत्त्याची मागणी केल्याची ही शिक्षा होती, असे क्रीडावर्तुळात तेव्हा उघड बोलले जात होते.

मार्च २००८ मध्ये चिलीतील सँटियागो येथे ब्रिटनकडून हरल्याने, १९२८ नंतर प्रथमच भारत ऑलिम्पिकबाहेर राहिला. पुढच्याच महिन्यात निवडीसाठी पैसे घेतल्याचा आरोप महासंघाच्या सचिवांवर झाला. भारतीय ऑलिम्पिक संघटनेने महासंघाला निलंबित केले. त्या पोकळीतून मे २००९ मध्ये हॉकी इंडिया उभी राहिली.

संघटनेत मत कुणाला?

अध्यक्ष आणि कार्यकारिणी यांची निवड राज्य संघटनांचे प्रतिनिधी करतात. मैदानावरील खेळाडूला त्यात थेट मत नाही. राष्ट्रीय संघांची निवड, शिबिरे, राष्ट्रीय स्पर्धा, पंचांची नेमणूक हे सारे हॉकी इंडियाच्या अखत्यारीत येते. खडकीतील मुलीला राष्ट्रीय स्पर्धेत राज्याकडून खेळायचे असेल, तर राज्य संघटनेमार्फत नोंदणी हाच मार्ग. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ, अर्थात एफआयएच, एका देशात एकाच संघटनेला मान्यता देतो. मोबाइल कंपनी पसंत नसेल तर बदलता येते, राष्ट्रीय क्रीडा संघटना बदलता येत नाही. म्हणूनच तिच्या निवडणुका आणि हिशेब हा केवळ तिचा घरगुती मामला उरत नाही.

न्यायालयाला हस्तक्षेप का करावा लागला?

माजी ऑलिम्पियन अस्लम शेर खान यांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निकाल दिला. हॉकी इंडियाच्या घटनेतील आजीव अध्यक्ष आणि आजीव सदस्य ही पदे न्यायालयाने बेकायदा ठरवली. निवडून न येता कायम सत्तेत राहण्याची ही सोय होती. त्याचा पहिला फटका नरिंदर बात्रा यांना बसला. ते त्या वेळी हॉकी इंडियाचे आजीव सदस्य, भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष आणि एफआयएचचेही अध्यक्ष होते.

कारभार सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती अनिल दवे, माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी आणि माजी कर्णधार झफर इक्बाल यांच्या प्रशासक समितीकडे गेला. जानेवारी २०२३ ची विश्वचषक स्पर्धा ओडिशात होती. त्यामुळे एफआयएचने लवकर निवडणुकीचा आग्रह धरला. सप्टेंबर २०२२ मध्ये माजी कर्णधार दिलीप तिर्की अध्यक्ष झाले. खेळाडू अध्यक्ष झाला, हे स्वागतार्हच. पण इतर उमेदवारांनी माघार घेतल्याने ही निवड बिनविरोध झाली. राज्य संघटनांमध्ये समझोता झाला की मतदानाची गरजच उरत नाही, हे त्यातून दिसले.

पैसा कुठून येतो?

मुख्य स्रोत दोन. केंद्र सरकार शिबिरे, परदेश दौरे आणि परदेशी प्रशिक्षकांचा खर्च उचलते. ओडिशा सरकार २०१८ पासून दोन्ही राष्ट्रीय संघांचे प्रायोजक आहे आणि हा करार आता २०३६ पर्यंत वाढवण्यात आला आहे. २०१८ आणि २०२३ चे पुरुष विश्वचषकही ओडिशातच झाले. खेळाडूंचा पगार मात्र प्रामुख्याने रेल्वे, तेल कंपन्या किंवा पोलीस दलांकडून येतो.

ओडिशापूर्वीची स्थिती पुण्याने पाहिली आहे. जानेवारी २०१० मध्ये, मायदेशातील विश्वचषकाच्या तोंडावर, राष्ट्रीय संघाने पुण्यातील शिबिरात सराव थांबवला होता. मागणी होती थकीत पैशांची. त्या तुलनेत आजचे चित्र कितीतरी चांगले आहे. पण एका राज्याच्या तिजोरीवर देशाचा संघ उभा असणे ही ताकद आहे, तशीच जोखीमही. ओडिशात सत्तांतर होऊनही करार टिकला, ही जमेची बाजू. पर्यायी उत्पन्न उभे करण्याचे काम मात्र हॉकी इंडियाचेच आहे. सात वर्षांच्या खंडानंतर डिसेंबर २०२४ मध्ये परतलेल्या हॉकी इंडिया लीगकडे त्या दृष्टीने पाहायला हवे.

महिला संघाबाबत प्रश्न कोणते?

टोकियोत चौथा क्रमांक मिळवणारा महिला संघ जानेवारी २०२४ मध्ये रांचीत जपानकडून ०-१ असा हरला आणि पॅरिसची संधी गेली. पुढच्याच महिन्यात प्रशिक्षक यानेका शॉपमन यांनी पद सोडले. महिला संघाला पुरुष संघाइतके महत्त्व मिळत नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते. पाठोपाठ १३ वर्षे मुख्य कार्यकारी अधिकारी असलेल्या एलेना नॉर्मन यांनीही राजीनामा दिला आणि संघटनेत दोन गट असल्याचे म्हटले. अध्यक्ष आणि सरचिटणीसांनी संयुक्तपणे त्याचा इन्कार केला. विषय तिथेच मिटला. दोन्ही संघांवर नेमका किती आणि कशावर खर्च होतो, हे आकडे शेजारी-शेजारी ठेवून जाहीर केले असते, तर इन्काराला वजन आले असते.

नव्या कायद्याने काय बदलेल?

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यानुसार कार्यकारिणी जास्तीत जास्त १५ जणांची असेल, त्यात किमान चार महिला आणि किमान दोन नामवंत खेळाडू हवेत. संघटनांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ, तंट्यांसाठी क्रीडा न्यायाधिकरण आणि निवडणुकांवर देखरेखीसाठी स्वतंत्र पॅनेल यांची तरतूद आहे. सरकारी मदत घेणाऱ्या संघटना माहिती अधिकाराखाली येतात. हॉकी इंडियासाठी हे कलम महत्त्वाचे आहे. कर्मचाऱ्यांचे वेतन, कार्यालयाचे भाडे अशा माहितीसाठीही ही संघटना यापूर्वी न्यायालयात गेली होती आणि जानेवारी २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने माहिती आयोगाच्या आदेशाला स्थगिती नाकारली होती.

धोकाही लक्षात घ्यायला हवा. मंडळावरील नेमणुका केंद्र सरकारच्या हाती आहेत. संघटनेच्या मनमानीची जागा सरकारी मर्जीने घेतली, तर खेळाडूच्या वाट्याला वेगळे काही येणार नाही.

मग कसोटी कोणती?

पदके ही चांगल्या कारभाराची खूण असतेच असे नाही. १९९८ चे सुवर्णही वाईट कारभाराच्या काळातच आले होते. हॉकी इंडियाने राष्ट्रीय संघ चालवण्याचे काम मागील महासंघापेक्षा निश्चितच चांगले केले आहे. आता तिची परीक्षा खालच्या स्तरावर आहे. राज्य संघटनांचे हिशेब संकेतस्थळावर दिसतात का, निवडणुकीत खरी लढत होते का, तक्रार करणाऱ्या खेळाडूची जागा संघात शाबूत राहते का? पैसा करदात्याचा असल्याने हे प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. त्यांची उत्तरे देण्यासाठी पुढच्या पराभवाची वाट पाहण्याचे कारण नाही.